मागच्या टेबलाचा दुसरा बोल्ट

मदन महल, जबलपूर
२८ नोव्हेंबर १९६५

चि. शालिग्राम,

आशीर्वाद पाठवतो आहे. ठेवून घ्यायचा की उलट टपाली परत करायचा, ते तुझं तू पाहा.

गोंदियाला जाऊन तुला महिना झाला. एवढ्यात एक पोस्टकार्ड आलं, तेही सुनेत्राच्या अक्षरात, अन् त्यात काय, तर ‘आम्ही सर्व खुशाल, आपली खुशाली कळवावी.’ अबे, मी काय विमा कंपनीचा एजंट आहे? सख्खा मोठा भाऊ आहे तुझा. जखम भरली का, झोप लागते का, सासुरवाडीत कोणी टोचून बोलत तर नाही ना, काही तर लिही. डाव्या हातानं लिही. वाकडंतिकडं आलं तरी चालेल, तुझं उजव्या हाताचं अक्षर तरी कुठं मोत्यासारखं होतं!

न सांगता गेलास याचा मला राग आहे. मी कारखान्यातून घरी आलो तर तुझी सायकल भिंतीला टेकलेली, किल्ली तुझ्या वहिनीजवळ, विनताजवळ दिलेली, अन् तुमची खोली झाडून काढलेली. जाणारा माणूस आपल्या हातानं खोली झाडून जातो का रे? तुझी वहिनी दिवसभर डोळे पुसत होती. आई नाही रडली. ती जपमाळ घेऊन बसली अन् मला म्हणाली, “सुनेत्राला सहावा लागला आहे, बाळंतपणाला माहेरी गेली असं शेजारी सांग.” तसंच सांगितलं.

खंडेनवमीचं तू मनात धरून बसला आहेस, हे मला कळतं. बापूंची हत्यारं पाटावर मांडली होती. तू फूल वाहायला डावा हात पुढे केला अन् आई म्हणाली, “तू नको लावू हात. विश्वकर्म्याच्या पूजेला कारखान्यात मशीन चालवली, त्यानं तीन बोटं घेतली. आता आणखी काय न्यायला लावतोस या घरातून?” वाईट बोलली. पण जुनं माणूस आहे. सुताराच्या घरात जन्मली, बापूंसारख्या सुताराच्या घरात नांदली, अमावस्येला आपल्याकडे साधी पटाशी कोणाला उचलू देत नाही. तिच्या लेखी तेच खरं. मी तिथंच बसलो होतो, पण आईच्या तोंडी कोण लागणार, म्हणून गप्प राहिलो. तू माझ्याकडे पाहिलंस, ते मी पाहिलं.

चलो, कारखान्याचं सांगतो. लढाई थांबून दोन महिने झाले, पण गोळ्यांच्या पेट्यांची मागणी काही थांबली नाही. सेठजी फाटकाशी उभे राहून ओरडतात, “मिस्त्रीजी, सागौन सड़ रहा है!” सागवान कधी महिन्याभरात सडतं का, पण सांगणार कोण. तुझी रंधा मशीन आता बळीराम चालवतो. पोट्टा मेहनती आहे, पण लाकडाचा कल त्याला समजत नाही, उलटीकडून घालतो अन् सगळे रेशे उपटून काढतो. तुझी आठवण येते.

त्या मशीनचं टेबल मी नव्यानं लावलं. तीन दिवस लागले. तुला यात गोडी होती म्हणून लिहितो. पात्याच्या पुढचं अन् मागचं, दोन्ही टेबलं सोडवली, त्यांच्या उताराच्या सरकपट्ट्या रॉकेलनं धुतल्या, भुसा अन् तेल मिळून नुसता डिंक झाला होता. मग मागचं टेबल चढवत चढवत पात्याच्या टोकाच्या अगदी बरोबरीला आणलं. पोलादी पट्टी ठेवायची, पातं हातानं फिरवायचं, पट्टीला नुसतं चाटून गेलं पाहिजे, उचलता कामा नये. चारी कोपऱ्यांत पट्टीखाली सिगारेटचा कागद सारून पाहिला. डाव्या बाजूला कागद सुटा जात होता, तिथं खाली पत्र्याची चकती दिली. मग दोन्ही बोल्ट आवळले. दोन्ही मी माझ्या हातानं आवळले. बळीराम म्हणाला, “मिस्त्री, आता पाना तुटतो.” त्याला म्हटलं, तुटू दे.

एक सांगायचं राहिलं. कारखाना-इन्स्पेक्टर येऊन गेला, त्याआधी सेठजींनी एक कागद तयार केला होता. ‘चालकाच्या बेसावधपणामुळे’ असं त्यात लिहिलं आहे. त्याच्यावर माझी सही आहे. तसं लिहावंच लागतं, नाहीतर कारखान्याला कुलूप लागतं अन् चाळीस घरं उघड्यावर येतात. तू मनाला लावून घेऊ नको. त्या दिवशी मशीन चालवायचा हुकूम सेठजींचा होता, मी फक्त तो तुला सांगितला. लढाईचे दिवस होते.

पत्राचं उत्तर दे.

तुझा
दादा


जबलपूर
१८ सप्टेंबर १९६६

चि. शालिग्राम,

काल विश्वकर्म्याची पूजा झाली. प्रसादाची बुंदी तुझ्यासाठी पुडीत बांधून ठेवली होती, विनता म्हणाली गोंदियापर्यंत मुंग्याच पोचतील. मग शेजारच्या बेबंद मांजरीनं खाल्ली.

बंडू बाळसं धरून राहिला हे वाचून बरं वाटलं. आईला कार्ड दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याची दुपटी शिवायला घेतली. पार्सल वेगळं पाठवतो. आईनं पाठवली असं म्हणू नको, विनतानं पाठवली म्हण.

या वर्षी सेठजींनी तीन दिवस कारखाना बंद ठेवला. एक दिवस पूजेचा, अन् दोन नुसते भीतीचे. तुझा किस्सा आता कारखान्यात पाठ झाला आहे. नवीन भरती झालेल्या पोट्ट्यांना जुने कामगार उभं करून सांगतात, “शालिग्राम भैया ने पूजा के दिन मशीन चलाई थी, देख लो.” पोट्टे कानाला हात लावतात. काल ते जुने मला म्हणाले, मिस्त्रीजी, आप तो वहीं थे, आप सुनाइए. सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. मी सांगितला. जसा ते सांगतात तसाच सांगितला. तुझ्यापासून काय लपवू.

पण तू हे काय करून राहिला? सुनेत्रा लिहिते, बंडूच्या पाळण्याचा आकडा बसवायला तू शेजाऱ्याला बोलावलं. हातोडीला हात लावत नाहीस म्हणे. दर सोमवारी अनवाणी नागऱ्याच्या महादेवाला जातोस, पाय फोडून घेतोस. अन् नोकरी कोणती, तर तेंदूपत्त्याच्या गोदामावर चौकीदार! काहून रे? ज्या माणसानं आंधळ्यासारखं बोट फिरवून लाकडातला अर्धा सूत फरक सांगावा, त्यानं पत्त्याचे गठ्ठे राखावे? आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असला हा प्रकार आहे. राग देवाचा नाही रे

हे वाक्य अर्धंच राहू दे. जेवायला बोलावून राहिले.

हत्यारं तुझी वाट पाहून आहेत, एवढंच म्हणायचं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं मला आजकाल रात्रंदिवस काहीतरी खवखवतं. वय झालं असेल.

दादा


जबलपूर
६ एप्रिल १९६८

शालिग्राम,

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या डाव्या हातानं लिहिलेलं पहिलं कार्ड, अन् त्यात हे लिहायची वेळ यावी.

‘दादा, बंडू गेला. तीन दिवसांचा ताप. देवाचा राग अजून फिटला नाही. आईला सांगा, ती बोलली ते खरं होतं, मी तेव्हा उगाच रुसून निघून आलो.’

मी आईला एवढंच सांगितलं की बंडू गेला. बाकीची ओळ मी वाचली नाही. ती पोळपाटाशी होती, लाटणं हातातच राहिलं. दोन वर्षांचा नातू, तिनं त्याला पाहिलं पण नव्हतं. तुला यायला सांग म्हणते का, म्हणून मी वाट पाहत उभा होतो. “माझीच जीभ काळी” असं काहीसं पुटपुटली अन् आत निघून गेली.

ताप होता रे तो. गोंदियात त्या महिन्यात किती घरची लेकरं गेली, सुनेत्राच्या भावानंच मला लिहिलं आहे. त्या सगळ्या बापांनी काय पूजेच्या दिवशी मशीन चालवली होती? असं डोक्यात घेऊन बसू नको. तुझ्या पाया पडतो. लहान भावाच्या पाया पडू नये, तरी पडतो.

अन् हे पण ऐक. मला कधी कधी वाटतं, त्या दिवशी मागच्या टेबलाचा एखादा बोल्ट जरा ढिला राहिला असेल. पूजेची गडबड होती. नारळ, पंडित, सेठाणी, माणसं सारखी येऊन-जाऊन राहिली होती. अशा वेळी कोणाच्याही हातून राहू शकतं. तसं झालं असेल तर टेबल खाली बसणार, फळी आपटणार अन् हात पात्यावर जाणार, त्यात देवाचं काय? तू याचा विचार कर.

विनता अन् मी येऊन जाणार होतो. रजा मिळाली नाही. खरं सांगू? मागितली नाही. सुनेत्रासमोर उभं राहायला पाय तयार होत नाहीत.

दादा


जबलपूर
२ जुलै १९७०

चि. शालिग्राम,

मुलगी झाली, फार फार आनंद झाला. मीरा नाव चांगलं आहे. आईनं घरात गुळाचा शिरा केला अन् पहिल्यांदा तुझं नाव घेऊन देवापुढे ठेवला.

दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या पत्राला तू आता उत्तर दिलंस. लिहितोस, ‘बोल्टाचं तुम्ही माझं मन राखायला लिहिलं, ते मला तेव्हाच कळलं. टेबल तुम्ही लावलं होतं दादा. तुमच्या हातून बोल्ट राहूच शकत नाही.’

हे कार्ड माझ्या खिशात आहे. ड्यूटीवर असलो की असतं, घरी आलो की दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात जातं. विनतानं विचारलं, एवढं काय आहे त्यात. तिला म्हटलं, मुलगी झाल्याचं आहे.

मीराला जप.

दादा


जबलपूर
१० डिसेंबर १९७१, सकाळ

शालिग्राम,

मुलगी देऊ नको.

बाकीचं पत्र वाच की चुलीत घाल, पण एवढं ऐक. मीराला कोणाच्याही ओटीत घालू नको.

सुनेत्राचं कार्ड मंगळवारी आलं. भासऱ्याला, म्हणजे मला थोरल्या दिराला, आजवर तिनं खुशालीपलीकडे एक अक्षर लिहिलं नव्हतं, अन् या वेळी लिहिते, ‘दादा, तुम्ही मोठे आहात, यांना थांबवा.’ येत्या सोमवारी तू नारळ देऊन लेकीला सुनेत्राच्या नात्यातल्या, राजनांदगावच्या बेबीताईच्या घरी घालणार. पुन्हा तिचं तोंड पाहणार नाही, असं देवासमोर बोललास. काहून? तर तिला आठ दिवस ताप आला होता, अन् बंडूचंही असंच सुरू झालं होतं. दुसऱ्याच्या घरची झाली म्हणजे देवाला सापडणार नाही. अरे बाप्पा, बेबीताई चांगली बाई आहे, तिला मूल नाही, ती लेकराला फुलासारखं ठेवील. पण त्या दीड वर्षाच्या जिवाला तू ज्याच्यापासून लपवतोस, तसं कोणी नाहीच.

तुझ्यावर कोणत्याही देवाचा राग नाही. तुझी बोटं माझ्यामुळे गेली.

आता जसं झालं तसं सांगतो. मध्ये उठू नको.

पासष्ट साली सोळा सप्टेंबरच्या संध्याकाळी मी ते टेबल लावायला घेतलं होतं. तुलाच तक्रार होती की फळीच्या शेवटाला खड्डा पडून राहिला, म्हणजे मागचं टेबल पात्यापेक्षा खाली बसलं होतं. पट्टी आडवी ठेवता यावी म्हणून पात्यावरचं झाकणही मीच काढलं. सतराला सकाळी टेबल बरोबरीला आलं. कागद लावून पाहिला. पहिला बोल्ट आवळला. दुसऱ्या बोल्टावर पाना ठेवला, तेवढ्यात पंडित अन् सेठाणी ताट घेऊन आले. सेठजी म्हणाले, “मिस्त्रीजी, मुहूरत निकल रहा है.” मी बाजूला झालो. मशीनला कुंकू लागलं, हार पडला, नारळ फुटला.

पूजा झाल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत यंत्राला पाना लावायचा नाही. आईच्या अमावस्येला मी जन्मभर हसलो, तुम्हा सगळ्यांना अडाणी म्हटलं, पण त्या वेळी माझा हात गेला नाही. भ्यालो. पाना ताटाजवळ ठेवला, त्याच्यावर एक फूल ठेवलं. म्हटलं, उद्या आल्याबरोबर आवळू, आज तर कोणी हात लावणारच नाही. सेठजींनी विचारलं, “टेबल का काम हो गया?” मी म्हटलं, हो गया.

दुपारी दोनला निरोप आला. गोळ्यांच्या मोठ्या सरकारी कारखान्यात पेट्या कमी पडल्या, सहाच्या गाडीला डबे लागणार. सेठजी म्हणाले, देश पहले. मी तुला बोलावलं. तू म्हणालास, “दादा, आज नको ना. कुंकू अजून ओलं आहे.” सगळे उभे होते. सेठजी माझ्याकडे पाहत होते, की हा आपल्या भावालाच चालवू शकत नाही. माझं डोकं सणकलं. “तिकडे पोट्टे मरून राहिले अन् तू मला कुंकवाचं सांगून राहिला?” असं मी बोललो. पुढे आणखी काय काय बोललो, ते तुला आठवत असेल. तू हार आपल्या हातानं उतरवला, मशीनला नमस्कार केला अन् मला एकच विचारलं, “टेबल लागलं आहे ना?”

मी म्हटलं, लागलं आहे.

अडुसष्टच्या पत्रात मी ‘कोणाच्या हातून राहिला असेल’ लिहिलं. ते खोटं होतं. मी विसरलो पण नव्हतो. तू विचारलंस त्या क्षणी तो बोल्ट माझ्या डोळ्यांसमोर होता. पण तेव्हा पाना मागितला असता तर सेठजींना कळलं असतं की मिस्त्रीनं काम अर्धं टाकून पूर्ण सांगितलं. अन् कुंकवावरून तुला चारचौघांत झापून मीच त्या कुंकवाला भ्यालो होतो, ते पण कळलं असतं. म्हटलं, एक बोल्ट चहाच्या सुट्टीपर्यंत धरतो. तेव्हा गुपचूप आवळून टाकू.

अकरा फळ्या धरला. बाराव्या फळीला टेबल बसलं.

तू ओरडला नाहीस. हात पोटाशी धरून माझ्याकडे पाहिलंस अन् म्हणालास, “दादा, मी म्हटलं होतं ना.” तेव्हा मला कळलं की तू बोल्टाचा विचारच करत नाहीस. तुला वाटतं, हे पूजेमुळे झालं. अन् शालिग्राम, मला बरं वाटलं. तुझं रक्त भुशात पडून राहिलं होतं अन् मला सुटल्यासारखं वाटलं. असला माणूस तुझा दादा आहे.

तुला टांग्यात घातलं, बळीराम अन् दुसरे दोघं तुझ्याबरोबर गेले. मी मागे राहिलो. तुला वाटलं असेल, दादा घरी सांगायला गेला. मी ताटाजवळचा पाना उचलला, फूल खाली टाकलं, टेबल चढवून जागेवर आणलं, दुसरा बोल्ट आवळला अन् झाकण परत बसवलं. मग दवाखान्यात आलो. इन्स्पेक्टरनं येऊन पाहिलं तेव्हा दोन्ही बोल्ट पक्के होते. ‘बेसावधपणा’ कोणाचा, हे ठरवायला मग काहीच अडचण राहिली नाही.

या सहा वर्षांत सांगायच्या जागा किती आल्या. खंडेनवमीला आली. बंडूच्या वेळी आली. दर वेळी वाटायचं, आता सांगितलं तर इतके दिवस का सांगितलं नाही हे पण सांगावं लागेल. दिवस वाढत गेले तशी ती दुसरी गोष्टच मोठी होत गेली. तू तिकडे नवस करत होतास, अनवाणी चालत होतास, लेकराच्या तापाला स्वतःचं पाप म्हणत होतास, अन् मी इकडे मिस्त्री म्हणून नमस्कार घेत होतो.

काल सेठजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं अन् म्हणाले, “पुंडलिकजी, छह साल पुरानी बात है. अभी लड़ाई है. जाइए, मशीन देखिए.” मी एका कागदावर सगळं लिहून, सही करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. नक्कल या पाकिटात आहे. तिचा तुला उपयोग काही नाही, पण ‘बेसावधपणा’वर माझी सही होती, तशी हिच्यावरही आहे.

अजून एक. मी या दोन दिवसांत उजव्या हाताची तीच तीन बोटं विनताच्या जुन्या पदराच्या चिंधीनं तळव्याशी बांधून बापूंचा रंधा चालवून पाहिला. तुझ्या दुःखाची नक्कल करायला नाही, मला पाहायचं होतं की जमतं का. पहिली फळी पूर्ण वाया गेली. रंधा हातातून निसटतो, कारण आपण सवयीनं बोटांनी पकडायला जातो. मग लक्षात आलं, पकडायचं काम डाव्या हाताकडे द्यायचं, उजव्यानं फक्त मागून तळव्यानं रेटायचं, अंगठा अन् करंगळी नुसती दिशेपुरती. काल संध्याकाळी एक फळी निघाली, चांगली निघाली. खांदा भरून येतो, पण काम होतं. हे तुला सहा वर्षांपूर्वी शेजारी बसून दाखवायला पाहिजे होतं. मला माफ कर म्हणत नाही, तसं म्हणायला तोंड नाही. पण रंधा उचल. तो विटाळलेला नाही अन् तू पण नाहीस.

आता आईचं. मंगळवारी संध्याकाळी ब्लॅकआउटसाठी काचांना काळे कागद चिकटवून झाले अन् मी तिला सुनेत्राचं कार्ड वाचून दाखवलं, या वेळी शब्दही गाळला नाही. मग बोल्टाचं सांगितलं, अन् पूजेमुळे पाना ठेवला तेही सांगितलं. तिनं जपमाळ देव्हाऱ्यात ठेवली. मग म्हणाली, “खंडेनवमीला मी त्याला बोलले, तेव्हा तू पाटावर बसला होतास.” मी हो म्हटलं. “बसून होतास,” ती पुन्हा म्हणाली. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. काल तिनं विनताकडून ट्रंक काढून घेतली. पत्र सोमवारच्या आत पोचेल याचा या दिवसांत भरवसा नाही, म्हणून ती स्वतः निघाली आहे, छोट्या लाइनीच्या गाडीनं, या वयात, गाड्यांचे दिवे झाकलेले असताना. तुला तार केली आहे. मी म्हटलं, हाऊबाग स्टेशनवर बसवून देतो. ती म्हणाली, “तू नको येऊ.” सामान घेऊन विनता जाते आहे बरोबर.

विनतानं दशम्या बांधल्या. आई मघापासून ओसरीवर ट्रंकेवर बसून आहे, हे पत्र संपायची वाट पाहत. दोनला माझी पाळी आहे. पेट्यांची मागणी पुन्हा तेवढीच आहे अन् मशीन तीच आहे.

आत्ता तिनं तिथूनच विचारलं, “सगळं लिहिलंस?” मी हो म्हटलं.

“तुझ्या हो ला काय धरून बसू मी? वाचून दाखव.”

तुला टांग्यात घातल्यावर मी मागे राहून काय केलं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. स्टूल तिच्याजवळ ओढून घेतलं आहे. पहिल्या ओळीपासून वाचतो, मग पाकीट तिच्या हातात देतो.

पुंडलिक